टेक्नो आणि काढून ठेवलेला दरवाजा

आमच्या मुलीचा आल्बम टेक्नो या यांत्रिक संगीताच्या यंदाच्या उल्लेखनीय आल्बमांच्या यादीत सदतिसावा आला, ही बातमी मी जिन्यात सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया हेडसरांची होती. हेडसर म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या इमारतीचे तहहयात चिटणीस. ते म्हणाले, "सदतिसावा? एकूण बसले किती होते?"

"सगळं जग बसलं होतं, सर."

"मग ठीक आहे," हेडसर उदारपणे म्हणाले. "पण पहिल्या दहात यायला हरकत नव्हती. गणित कच्चं राहिलं असणार."

मी स्वतः विमा कंपनीत दावे तपासतो. लोक जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे त्या यादीत आमच्या ठमीच्या आल्बमबद्दल 'यात पोलाद स्वप्न पाहतं' असं छापून आलेलं वाचल्यावर आनंदाच्या आधी मला शंका आली. आमच्या कचेरीत कुणी असा दावा केला असता तर मी पोलादाचा वैद्यकीय दाखला मागितला असता. पण छापलेलं होतं खरं. ज्या मुलीला आम्ही लहानपणी पंखा, मिक्सर आणि धुण्याचं यंत्र यांच्यासमोर मांडी घालून बसलेली पाहून डॉक्टरकडे न्यायचा विचार करत होतो, ती परदेशात बसून पोलादाला झोपवत होती.

रात्रीच्या जेवणाआधी ठमीचा फोन आला. "बाबा, फोनवर ऐकू नकोस हं. फोनमधून खालचे सूर येतच नाहीत. मी रेकॉर्ड पाठवलीय, खरी, काळी, तबकडीवाली. मोठ्या स्पीकरवर लाव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐक. आणि मग मला सांग."

"छानच असणार गं."

"तेच नकोय! आई छान म्हणते, मावशी छान म्हणते, छानचा मला कंटाळा आलाय. तू दावे तपासतोस ना? मग हा तपास. पटला नाही तर नाही म्हण. पण खरं सांग."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मताची कुणाला गरज पडली होती, आणि ती अशा विषयात, ज्यात मला मत नव्हतं.

अभ्यासाला लागलो. हेडसरांचं म्हणणं पडलं की कुठलीही कृती परंपरेत ठेवून तपासावी, म्हणून मी यादीतले आधीचे छत्तीस आल्बम कचेरीच्या वाटेवर कानात घालून ऐकायला घेतले. एका आल्बममध्ये तासभर कारखाना चालू असतो आणि शेवटी बंद पडतो. त्या बंद पडण्यात फार मोठं कारुण्य आहे असं समीक्षक म्हणतात. दुसऱ्यात नुसता पाऊस पडल्यासारखी खरखर होती. मी माझा फोन बिघडला म्हणून दुकानात नेला. दुकानदारानं दोन मिनिटं ऐकलं आणि "हे असंच आहे, साहेब" असं डॉक्टर लोक म्हणतात त्या सुरात सांगितलं. पण एक कबूल केलं पाहिजे. चारपाच दिवसांनी मी कचेरीच्या जिन्यावर ठोक्यात चढू लागलो होतो, आणि छपाईचं यंत्र थांबलं की मला चुकल्यासारखं वाटायचं.

मग पार्सल आलं. म्हणजे आलं नाही, अडकलं. पार्सल कचेरीतल्या खिडकीमागच्या साहेबांनी खोका हलवून विचारलं, "यात काय आहे?"

"संगीत."

"गायक कोण?"

"गायक नाही."

"वादक?"

"वादक असा नाही. मुलगीच आहे, पण ती वाजवत नाही. जुळवते."

"बोल?"

"बोल नाहीत."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गायक नाही, वादक नाही, बोल नाहीत. मग या तबकड्यांवर आहे तरी काय?"

इथे मी माझ्या प्रामाणिकपणामुळे गोत्यात आलो. म्हणालो, "ठोके. यंत्राचे."

"तसं सांगा की!" साहेब खुलले आणि त्यांनी ठमीचा आल्बम 'यंत्रसामग्री, सुटे भाग' या सदरात टाकला. आता तो सोडवायला अभियंत्याचा दाखला हवा होता. सुदैवानं माझा मेहुणा अभियंता आहे. तो रस्ते बांधतो, पण अभियंता तो अभियंता. त्यानं तबकडी उन्हात धरून पाहिली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि लिहून दिलं, 'सदर वस्तू निरुपद्रवी असून यंत्र म्हणून तिचा काहीही उपयोग नाही.' कलेबद्दल इतकं अचूक विधान मी आजवर वाचलेलं नाही.

घरी आणून पाकीट उघडलं. दोन जाडजूड काळ्या तबकड्या. मध्यभागी गोल लेबल, त्यावर एक अक्षर नाही. नुसतं काळ्यावर काळं वर्तुळ. माझ्या मुलीचं नावही नाही.

"छापायचं राहिलं वाटतं," सौ. म्हणाल्या.

"टेक्नोत असंच असतं," मी नव्या अधिकारानं म्हणालो. "नाव पुढं करायचं नाही."

"मग त्या यादीत तरी नाव कशाला पुढं करायचं," असं म्हणून त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरली. त्या काळ्या पाण्यावरून प्रकाशाचा पट्टा फिरत गेला. आपलं मूल काय करतं हे हातात धरता येण्याइतकं जड असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वाजवायचं यंत्र माळ्यावर होतं, सासऱ्यांच्या काळातलं. त्याची गती बदलायची दांडी लुळी पडली होती. चौकात एक दुरुस्तीवाला आहे, तो सभांना लाउडस्पीकरही भाड्यानं देतो. ज्ञानाची उणीव तो आत्मविश्वासानं भरून काढतो. त्यानं दांडी जागच्या जागी डाग देऊन पक्की बसवली.

"आता काय बिशाद आहे हलायची! सगळ्यात संथ गतीवर बसवलीय, काका. तबकडी झिजणार नाही."

"पण गती बरोबर आहे ना?"

"गाणं काय पळून जातंय का?"

मी स्पीकरही त्यालाच सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो स्पीकर घेऊन आला. मी 'मोठे' म्हटलं होतं. त्यानं मैदानातल्या सभेचे आणले. कपाटाएवढे दोन खोके पहिल्या जिन्याच्या वळणावर अडकले आणि दुपारपर्यंत तिथेच राहिले. वर राहणाऱ्या वकीलबाई कोर्टातून आल्या त्या खोक्यांवरून चढून, खाली उतरून, पुन्हा वळून म्हणाल्या, "यावरून पडून कुणाचं काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी म्हणालो, "माझी." "लेखी द्या," त्या म्हणाल्या. तळमजल्यावर दवाखाना चालवणारे दंतवैद्य दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वर आले आणि त्यांनी खोका कोणत्या कोनात फिरवला तर निघेल ते अक्कलदाढेचं उदाहरण देऊन समजावलं. तसा फिरवल्यावर तो आणखी घट्ट बसला.

शेवटी खोके वर पोचले. आता ते दारातून जाईनात. दुरुस्तीवाल्यानं दोन्हीकडे हात लावून अंदाज घेतला आणि आम्ही काही म्हणायच्या आत बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दरवाजा उचलून भिंतीला टेकवला.

"परत कधी बसवणार?" सौ.नी विचारलं.

"स्पीकर बाहेर निघाले की. एकदाच बसवायचा. उगाच दोनदा कष्ट कशाला?"

अशा प्रकारे आमच्या घराला दार उरलं नाही. दार नसलेल्या घरात माणसं कशी येतात याचा अनुभव नसेल तर सांगतो. ती येत नाहीत, ती असतातच. मी बाथरूममधून बाहेर आलो तर हेडसर खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी वर न पाहताच सांगितलं, "इमारतीत ध्वनीबाबत नियम आहे. कुणाचीही तक्रार येता कामा नये. यावर उपाय एकच. तक्रार करू शकणाऱ्या सर्वांनी आत बसून ऐकायचं."

संध्याकाळी आमच्या बैठकीत हेडसर, दंतवैद्य, वकीलबाई आणि ज्यांना मी आजवर फक्त जिन्यात पाठमोरं पाहिलं होतं असे बरेच लोक जमले. सौ.नी चहा केला. मी तबकडी ठेवली, काटा टेकवला आणि अपराध्यासारखा मागे सरकलो.

आधी काहीच नाही. मग पहिला ठोका आला. कानाला नाही, पायाला. फरशीतून वर चढला, गुडघ्यात थांबला आणि पुढे पोटात जाऊन बसला. कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी एकमेकांना हळूच विचारलं, हे काय? मग बराच वेळ शांतता. इतका वेळ, की वकीलबाई काहीतरी बोलायला तोंड उघडून होत्या ते तसंच राहिलं. आणि मग दुसरा ठोका.

"विलंबित," हेडसर कुजबुजले. "अतिविलंबित."

ठोक्यांच्या मधल्या त्या प्रचंड अंगणात हळूहळू काहीतरी उगवू लागलं. कसले तरी लांब सूर, लोखंडी, पण वितळलेले. मला पोलादाचं स्वप्न दिसलं. खोटं नाही सांगत. दावा मंजूर करावा इतकं स्पष्ट दिसलं. आणि दुसऱ्या बाजूवर तो आवाज आला. डोंगरानं झोपेत कूस बदलावी तसा. खोल, खरखरीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला कितीतरी वेळ घेणारा. तो आला की खोलीतले सगळे आपापल्या खुर्चीचे हात धरायचे. हेडसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. दंतवैद्य म्हणाले, "हा सूर माझ्या खालच्या दाढेत लागला." सौ. माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे आपल्या ठमीनं केलंय?" मी मान हलवली. आमच्या संसारात मी इतका अवाक् एकदाच झालो होतो, ती जन्मली तेव्हा.

आल्बम संपला तेव्हा कुणी उठेना. चहा तसाच गार झाला होता. "पुन्हा लावा," वकीलबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन ठमीला फोन लावला. सांगायला खरं काहीतरी होतं, याचा आनंद मला आवरत नव्हता. "ठमे, अगं, दावा मंजूर! काय तो संथपणा! दोन ठोक्यांच्या मधे माणूस आपलं आयुष्य आठवून परत येतो बघ!"

"संथ?" तिनं विचारलं.

"अगदी डोंगरासारखा."

"बाबा, त्यावर लोक नाचतात."

"यावर? यावर हत्तीसुद्धा नाचायच्या आधी विचार करेल."

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "यंत्राची गती किती आहे?"

मी दुरुस्तीवाल्याचं तत्त्वज्ञान सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. "म्हणजे तू माझा आल्बम ऐकलाच नाहीस," ती म्हणाली. "तिपटीनं हळू लावलायस. तुला आवडलं ते मी केलेलंच नाही." आणि थोड्या वेळानं, "शनिवारी येतेय ना मी सुट्टीला. कशाला हात लावू नकोस."

त्या रात्री सौ.नी विचारलं, "एवढं काय मनाला लावून घेता? ती येईल, नीट लावेल, तुम्ही ऐकाल."

"आणि नीट लावल्यावर आवडला नाही तर?"

"तर छान म्हणा."

"तेच तर तिनं नको म्हटलंय."

सौ.नी दिवा मालवला. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण माझं खोटं ठमीला लहानपणापासून ओळखता येतं. आणि एकदा एवढा डोंगर पाहून झाल्यावर उद्या त्या जागी टेकाड निघालं, तर माझा चेहरा मी कुठे लपवणार होतो? आमच्या घराला तर दारही नव्हतं.

गतीची चूक मी इमारतीला सांगितली, पण ती कुणी मनावर घेतली नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी मंडळी येऊन बसायची. "मुलीची आवृत्ती ती मुलीची," हेडसर म्हणाले, "ही आमची आवृत्ती." दंतवैद्य अवघड पेशंटाच्या आधी पहिली बाजू ऐकून जाऊ लागले. मी मात्र दाराशी उभा राहायचो आणि प्रत्येक ठोक्याला मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

शनिवारी ठमी आली तेव्हा दुसरी बाजू चालू होती. दार नसल्यामुळे घंटा वाजवण्याचा प्रश्न नव्हता. ती बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आत वीसेक माणसं डोळे मिटून बसलेली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात डोंगरानं कूस बदलली. हेडसरांनी खुर्चीचे हात धरले. मी ठमीचा चेहरा बघत होतो. आधी तिच्या कपाळाला आठी पडली, मग आठी गेली, आणि मग ती पायातले बूट न काढता जमिनीवर मांडी घालून बसली, पंख्यासमोर बसायची तशीच.

बाजू संपली. "एवढं मोठं होतं यात?" ती स्वतःशीच म्हणाली. मग उठली. "छान झालं. आता माझं ऐका."

डाग दिलेली दांडी हलेना. ती पक्कडीला दाद देईना, मेहुण्याच्या हातोडीला तर ठमीनं जवळही येऊ दिलं नाही. अखेर दंतवैद्य खाली जाऊन हत्यारं घेऊन आले, हातमोजे चढवले, कपाळाला दिवा लावला आणि यंत्रावर वाकले. सगळी इमारत श्वास रोखून उभी.

"दुखेल का?" वकीलबाईंनी विचारलं.

"थोडा दाब जाणवेल," दंतवैद्य म्हणाले, आणि टक् असा आवाज होऊन डागाचा खडा निघाला. त्यांनी तो सवयीनं वाटीत टाकला.

ठमीनं गती बदलली. काटा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि डोंगर धावत सुटला. दुसरा शब्द नाही. जे अंगण होतं ते रस्ता झालं, आणि त्या रस्त्यावरून ठोके असे निघाले की पहिला पोटात बसायच्या आत दुसरा हजर. वितळलेलं लोखंड आता ठिणग्या उडवत होतं. मी घाबरून स्वतःला विचारलं, आवडलं का? उत्तर यायला वेळच नव्हता, पाय आधीच हलत होता. वकीलबाई "हे काय, हे काय" म्हणत टेबलावर बोटं वाजवत होत्या. संथ आवृत्तीत मी ज्या गोष्टींसमोर उभा राहून डोळे विस्फारत होतो, त्याच गोष्टी आता मला हाताला धरून नेत होत्या. तेच सगळं होतं. फक्त आधी आम्ही ते दुरून पाहत होतो, आता आत होतो. सौ.नी माझा दंड धरला होता आणि त्यांची मान हलत होती.

मग दुसरी बाजू. मी त्या आवाजाची वाट पाहत होतो. चार ठोके, पुन्हा चार, आणि ऐन जागेवर, कापून, जोडून, टोकदार करून बसवलेलं —

"अहो," सौ. म्हणाल्या, "हे तुमचं खाकरणं!"

होतं. निर्विवाद माझं होतं. ठोका, खाकरणं, ठोका, ठोका, खाकरणं. हेडसर आठवडाभर ज्याच्यापुढे चष्मा काढत होते, तो माझा घसा होता. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तू फोन उचललास की बोलायच्या आधी दर वेळी खाकरतोस," ठमी संगीताच्या वरून ओरडून म्हणाली. "मी तिकडे गेल्यापासून ते साठवत होते. शब्द नाही ठेवले. शब्दांत तू नुसती हवा कशी आहे ते विचारतोस."

"आणि मी इतकी वर्षं हे फुकट ऐकत होते!" सौ. म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. हसण्यानं की कशानं, ते मी तपासलं नाही.

तबकडी थांबली. ठमी यंत्राशेजारी उभी होती, हात मागे बांधून, निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी. आता तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा. खरं सांग."

हेडसर लगेच उठले. "शांतता. पालक दोन शब्द बोलतील."

मी उभा राहिलो. माझ्याजवळ शब्द होते. पोलादाबद्दल होते, रस्त्याबद्दल होते, माझ्यासारख्या माणसाच्या घशात असलं काही राहतं आणि ते कुणी जपून ठेवतं, याबद्दलही होते. ते सगळे एकदम वर आले आणि दारात अडकलेल्या स्पीकरसारखे एकमेकांत घट्ट बसले. कोनही सुचेना. मी श्वास घेतला आणि खाकरलो.

दंतवैद्यांचा पाय लगेच ठोका धरायला उचलला गेला. मग वकीलबाईंचा. मग सगळ्या खोलीचा.

"पुरे, बाबा," ठमी म्हणाली. "कळलं."